सहा जणांत चार फ्लोटिंग लायसन्स पुरत नाहीत, पाचवं घ्यावं का?

एवढ्यात घेऊ नका. फ्लोटिंग लायसन्स कुणा एकाच्या नावावर नसतं, ते सर्व्हरवर असतं आणि जो प्रोग्राम उघडेल त्याला मिळतं. आमच्याकडे आठ जणांत पाच होती. अकरा वाजले की कुणाला तरी 'लायसन्स उपलब्ध नाही' दिसायचं आणि ऑफिसभर हाका, "कोण अडवून बसलंय?" शोधलं तर दोन जण मीटिंगमध्ये, एक जेवायला, प्रोग्राम तिघांचेही उघडे. ड्रॉइंगला हात लावा वा न लावा, प्रोग्राम उघडा आहे तोवर लायसन्स अडकलेलंच. लॅपटॉप नुसता झाकला तरी सर्व्हरला ते लगेच कळत नाही.

तुमचा लायसन्स मॅनेजर (सर्व्हरवर लायसन्स वाटणारा प्रोग्राम) फ्लेक्सएलएम (आताचं नाव फ्लेक्सनेट) असेल तर त्याची एलएमस्टॅट ही कमांड चालवून या क्षणी कोणाकडे काय आहे ते बघा. खरी माहिती मात्र डीबग लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये सापडते. कोणी कधी घेतलं, कधी परत आलं, कोणाला नाकारलं, सगळं वेळेसकट. दोन आठवड्यांचे नकार मोजा. आमचे बहुतेक नकार अकरा ते एकमध्येच होते.

मग लायसन्स मॅनेजरच्या ऑप्शन्स फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) टाइमआउट टाका, म्हणजे तेवढा वेळ प्रोग्राम नुसता पडून राहिला की लायसन्स आपोआप परत येतं. आकडा सेकंदांत असतो, म्हणजे अर्ध्या तासाला १८००. किमान मर्यादा सॉफ्टवेअर कंपनीने ठरवलेली असते, आणि काही प्रोग्राम ही सोय मानतच नाहीत, तेवढं तपासून घ्या. माणूस जागेवर परतला की प्रोग्राम पुन्हा लायसन्स मागतो. तेव्हा एकही मोकळं नसेल तर तो अडकतो. म्हणून उठताना सेव्ह करायला सगळ्यांना बजावा. बदल लागू करायला लायसन्स मॅनेजरची सर्व्हिस रीस्टार्ट करायची ती ऑफिस सुटल्यावरच.

"साहेबांसाठी एक राखून ठेवा" ही मागणी येणारच. राखीव लायसन्स साहेब आठवडाभर बाहेर असले तरी दुसऱ्याला मिळत नाही. आम्ही सरळ नाही म्हणालो (साहेब चांगले आहेत). साइटवर न्यायला बॉरो केलेलंही (काही दिवसांसाठी लॅपटॉपवर उतरवून घेतलेलं) मुदत संपेपर्यंत किंवा आधी परत करेपर्यंत बाहेरच राहतं, त्यामुळे मुदत एक-दोन दिवसांचीच द्या.

एवढं करूनही नकार येत असतील तर खुशाल पाचवं घ्या. फक्त ते फ्लोटिंग मिळतं का ते आधी विचारा. ऑटोडेस्कने (ऑटोकॅडवाली कंपनी) ऑगस्ट २०२० पासून ग्राहकांना नेटवर्क, म्हणजे फ्लोटिंग लायसन्सवरून नेम्ड-यूजरकडे, म्हणजे एकेकाच्या नावावरच्या लायसन्सकडे वळवलं, तेव्हा नूतनीकरणाला एकाच्या बदल्यात दोन देत होते. तसलं नावावरचं लायसन्स दोघांनी एकाच लॉगिनवर वापरणं कराराबाहेरचं आहे.