मॉड्यूल वाचून समजत नाही, म्हणजे मी ढ आहे का?

‘सरांनी मॉड्यूल एवढ्या मेहनतीने बनवलंय, बाकी सगळ्यांना समजतंय, मलाच काही कळत नाही. मी ढ आहे का?’ मॉड्यूल म्हणजे शिक्षकांनी घरी वाचून शिकण्यासाठी लिहून दिलेलं अभ्याससाहित्य. घरून, दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. शब्द तेवढे वेगळे असतात. कोणी म्हणतं, वाचते पण डोक्यात राहत नाही. कोणी म्हणतं, अभ्यासाला बसवतच नाही. कोणी चिडून म्हणतं, पीडीएफ टाकून मोकळे झाले, आता आमचं आम्हीच शिकायचं. या तक्रारींमागे बऱ्याचदा जे असतं ते एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून नीट दिसतं, म्हणून तिच्या परवानगीने तो इथे देते आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

ती जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. सोबत संख्याशास्त्राचा एक सक्तीचा पेपर. माझ्याकडे आली ती मॉड्यूलची तक्रार घेऊन नव्हे. तिचं म्हणणं होतं, ‘मॅडम, मी फार टाळाटाळ करते. माझ्यात शिस्तच नाही. काहीतरी उपाय सांगा.’ वेळापत्रक तिने आधीच केलेलं होतं, तेही रंगीत पेनांनी. रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायची, दहा-पंधरा मिनिटांत हात मोबाइलकडे जायचा, आणि मग झोपेपर्यंत स्वतःला दोष देत बसायची. घरचे म्हणत, मोबाइल काढून घेतो. तिलाही ते पटायला लागलं होतं.

अशा वेळी ‘रोज किती तास बसतेस?’ हे मी विचारत नाही. मी म्हणते, जे वाचतेस ते उघड आणि कुठे अडतेस ते मला दाखव. तिने मॉड्यूल उघडलं. पानापानांवर पिवळे पट्टे होते. बरीच पानं भराभर सरकवून ती एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, ‘इथपर्यंत येते. मग परत पहिल्यापासून वाचते.’

आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत हे मोजायचं उदाहरण त्या पानावर होतं. पाच आकडे: २, ४, ६, ८, १०. सरासरी ६. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर, त्याचा वर्ग, वर्गांची बेरीज ४०. बेरजेला ५ ने भागलं, उत्तर ८. इथवर सगळं स्वच्छ होतं. पुढच्या पानावर तेच पाच आकडे, तीच बेरीज ४०, पण या वेळी भागाकार ४ ने, आणि उत्तर १०. मध्ये एकच ओळ: ‘नमुन्यासाठी सूत्र पुढीलप्रमाणे.’ पाचाचे चार का झाले, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. पुढचे सगळे भाग मात्र हे कळलंय असं गृहीत धरून लिहिलेले.

तिला वाटत होतं, ही फार साधी गोष्ट असणार, म्हणूनच सरांनी लिहिली नाही. वर्गाच्या ग्रुपवर कोणीच विचारलं नव्हतं, तेव्हा बाकीच्यांना ती येत असणार. (ग्रुपवरची शांतता हा समजल्याचा पुरावा आजवर मला तरी कधी दिसलेला नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्याकडे बघून गप्प बसलेला असतो.) तिच्या टाळाटाळीला असा नेमका पत्ता होता. युनिट तीन, ठरावीक पान. शिस्तीच्या नावाखाली ती रोज त्याच भिंतीवर जाऊन आदळत होती, आणि मन तिथे जायला नको म्हणत होतं.

वर्गात हे असं होत नाही. शिक्षक फळ्यावर ५ च्या जागी ४ लिहितात, समोरच्या चार चेहऱ्यांवर आठ्या पडतात, शिक्षक थांबतात, दोन मिनिटं तोंडी समजावतात आणि पुढे जातात. ही दोन मिनिटं कोणाच्याच टिपणांत नसतात. मॉड्यूल लिहायला बसल्यावर शिक्षकांच्या हातून नेमकी तीच सुटतात, कारण समोर आठ्या पडणारं कोणी नसतं. मायकेल मूर या अभ्यासकाने दूरशिक्षणातलं ‘अंतर’ किलोमीटरमध्ये मोजलं नाही. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती होतो, यावर ते अंतर ठरतं, असं त्याचं म्हणणं. साहित्य कितीही आखीव असो, संवाद नसेल तर अंतर वाढतं आणि सगळा भार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बळावर पडतो. माझ्यासमोर बसलेल्या मुलीवर तोच भार पडला होता, आणि त्याला ती स्वतःचा आळस म्हणत होती.

दूरशिक्षणाच्या जुन्या प्रयोगांतही हे दिसतं. आयझॅक पिटमन १८४० च्या सुमारास टपालाने लघुलेखन शिकवायचे. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून परत धाडायचे आणि पिटमन तो तपासून पाठवायचे. त्या शिकवणीचा प्राण या परतीच्या टपालात होता. पुढे १९६८ मध्ये फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने छोट्या छोट्या युनिटांची, ज्याने त्याने आपल्या गतीने शिकण्याची पद्धत मांडली. एक युनिट पक्कं झाल्याशिवाय पुढचं मिळत नसे, आणि तपासायला, शंका सोडवायला तो अभ्यासक्रम पूर्ण केलेला विद्यार्थी जवळ असे. एवढी सोय असूनही त्या पद्धतीत मुलांची चालढकल ही नेहमीची अडचण राहिली. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. एकट्याने, आपल्या गतीने शिकणं मुळातच अवघड आहे, हे मी पालकांना आवर्जून सांगते.

आता तिच्या पिवळ्या पट्ट्यांकडे येते. अडलं की ती पहिल्यापासून वाचायची आणि दर वेळी सुरुवातीचा भाग जास्त ओळखीचा वाटायचा. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत मोठी दरी आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो फक्त सुरुवातीला वाचला आणि मग बाजूला ठेवून, पुन्हा न बघता, आठवेल तेवढं तीनदा लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ६१ टक्के उरलं होतं, नुसतं वाचणाऱ्यांच्या सुमारे ४० टक्के. आणि आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाटत होता तो वाचणाऱ्यांनाच. हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे मी कष्ट करत होते, पण चुकीच्या जागी.’ हे तिचं तिने म्हटलं, त्याचं मला फार बरं वाटलं.

आम्ही वेळापत्रक बाजूला ठेवलं. ठरवलं एवढंच, की मॉड्यूलचा एक छोटा भाग वाचायचा, स्क्रीन बंद करायची आणि कोऱ्या कागदावर आपल्या शब्दांत तीन-चार ओळी लिहायच्या. पेन अडेल तिथे फुली मारायची. फुली म्हणजे नापास नव्हे, फुली म्हणजे विचारायचा प्रश्न. पहिल्या काही दिवसांत तिच्या कागदांवर फुल्यांचाच भरणा होता आणि त्यामुळे ती खचलीही. मी म्हटलं, या फुल्या आधीही होत्याच, फक्त पिवळ्या रंगाखाली झाकलेल्या.

खरी अडचण पुढेच होती. सरांना विचारायचं कसं? तिने मेसेज लिहून ठेवला होता: ‘सर, युनिट ३ समजलं नाही, प्लीज एक्सप्लेन करा.’ तो पाठवायचा धीर होत नव्हता, कारण ‘सरांना वाटेल, वाचायचा कंटाळा करते’. ही भीती अगदीच खोटी नाही. असा मेसेज आला की शिक्षकांनाही कुठून सुरुवात करावी कळत नाही, आणि ‘पुन्हा नीट वाच’ एवढंच उत्तर येतं. मग आम्ही तो दोघींनी मिळून पुन्हा लिहिला. ‘सर, युनिट ३ मध्ये ४० या बेरजेला आधी ५ ने भागलं आहे आणि उत्तर ८ आहे. पुढच्या पानावर त्याच बेरजेला ४ ने भागून १० आलं आहे. पहिल्या ठिकाणी हे पाच आकडे म्हणजे पूर्ण गट आणि दुसऱ्या ठिकाणी मोठ्या गटातला नमुना, असं मला वाटतं. हे बरोबर आहे का? असल्यास एक कमी का करायचा, तेवढं सांगाल का?’

उत्तर त्याच संध्याकाळी आलं, व्हॉइस मेसेजने. सरांनी समजावलं होतं की नमुन्याची सरासरी आपण त्याच पाच आकड्यांतून काढतो. त्या सरासरीपासूनची अंतरं -४, -२, ०, २, ४. यांची बेरीज कायम शून्य. म्हणून चार अंतरं कळली की पाचवं आपोआप ठरतं, स्वतंत्र अशी चारच उरतात. शिवाय नमुन्यातले आकडे स्वतःच्या सरासरीच्या जवळ असतात, त्यामुळे ५ ने भागलं तर मोठ्या गटातला विखुरलेपणा सरासरीने कमी भरतो. शेवटी ते म्हणाले, ‘बरं झालं विचारलंस, हे लिहायचं राहूनच गेलं होतं.’ काही दिवसांनी ग्रुपवर मॉड्यूलची नवी प्रत आली, त्यात या मुद्द्यावर अर्धं पान वाढवलेलं होतं. खाली तीन-चार जणांनी लिहिलं, ‘थँक यू सर, इथेच अडलो होतो.’ तो स्क्रीनशॉट तिने मला लगेच पाठवला.

मला मुलांना मनापासून सांगायचं आहे ते हेच. आपल्या शिक्षकाने बनवलेलं मॉड्यूल कधी ओबडधोबड असतं, आकृत्या अस्पष्ट असतात, एका पानावर फार मजकूर कोंबलेला असतो. परक्या कोणाचे चकचकीत व्हिडिओ त्यापुढे भारी वाटतात. पण या मॉड्यूलचा लेखक तुमचा नंबर ओळखतो, तुम्हाला उत्तर देऊ शकतो आणि पुढच्या आवृत्तीत पान बदलू शकतो. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, आणि लाजेपोटी मुलं नेमका तोच वापरत नाहीत.

मुलं मॉड्यूलबद्दल चांगलंही बरंच बोलतात. नेटवर्क नसलं तरी वाचता येतं, आपल्या सवडीने थांबता येतं, भाषा सरांच्या शिकवण्यासारखीच असते, परीक्षेला काय येणार याचा अंदाज येतो. तक्रारी ठरलेल्या असतात: फार लांबलचक, सोडवलेली उदाहरणं कमी, उत्तरसूची नाही, सगळ्या विषयांच्या असाइनमेंट एकाच आठवड्यात. आणि मुलं सगळ्यात जास्त दुखावतात ती लिहून पाठवलेल्या उत्तरांवर काहीच परत न आल्याने. ही तक्रार मला पूर्ण रास्त वाटते. शिक्षकांची बाजूही खरी आहे. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं, तिथे अभ्याससाहित्य विषयतज्ज्ञ, संपादक वगैरे मंडळी गट करून तयार करतात. आपले बहुतेक शिक्षक तेच काम एकटे, तास संपल्यावर, रात्री बसून करतात. म्हणून अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये ‘ठीक आहे’ किंवा ‘बोअर आहे’ लिहू नका. पान सांगा, ओळ सांगा, तिथे काय हवं होतं ते सांगा. तेवढ्यावरून शिक्षक दुरुस्ती करू शकतात.

एक सावधगिरीचा शब्द. अडचण एका विषयापुरती न राहता झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कोणाशी बोलावंसं वाटत नसेल, जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला असेल, तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी फुल्या मोजत बसू नका. घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि समुपदेशक किंवा डॉक्टरांना लगेच भेटा.

त्या मुलीचा संख्याशास्त्राचा पेपर बरा गेला. मोबाइलचा प्रश्न संपूर्ण सुटला असं ती म्हणत नाही, पण अडलं की आता आधी कागद घेते. प्रात्यक्षिकांच्या बाबतीत मात्र यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात याचे फोटो मॉड्यूलमध्ये होते. काचपट्टी तयार करताना हवेचा बुडबुडा न राहू देणं, स्क्रू हलक्या हाताने फिरवत चित्र स्पष्ट करणं, हे फोटो बघून हाताला येत नाही. तिने आणि मैत्रिणींनी मिळून विभागाला पत्र दिलं, कोणती प्रात्यक्षिकं प्रत्यक्ष करायलाच हवीत त्यांची नावं घालून. परीक्षेआधी प्रयोगशाळेत थोडे दिवस मिळाले. तेवढे पुरले नाहीत असं ती म्हणते आणि मलाही तसंच वाटतं. पुढच्या सत्रासाठी त्यांनी पत्र आतापासूनच लिहायला घेतलं आहे.