घडीच्या सायकलीला मोटर बसवावी का?

आपण आपल्या पत्रात आकडे दिले आहेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांनिशी देता येते. आपल्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेली, 20 इंची चाकांची, साडेअकरा किलो वजनाची घडीची सायकल आहे. घर ते स्टेशन अंतर सहा किलोमीटर असून त्यातला घराजवळचा दोन किलोमीटरचा भाग चढाचा आहे. पुढचा प्रवास सायकल घडी करून सोबत घेऊन रेल्वेने होतो. कामाच्या पाच दिवसांपैकी दोन दिवस आपण सायकल काढता आणि तीन दिवस टॅक्सीने जाता-येता. सायकलीला हलके विद्युत किट बसवण्याचा खर्च आपल्या सहा महिन्यांच्या टॅक्सीभाड्याइतका आहे, तर मोटरसह तयार मिळणारी घडीची सायकल वीस महिन्यांच्या भाड्याइतकी पडते. विक्रेता किटसाठी बारा 'बिनव्याजी' हप्ते देऊ करतो. आपली अडीअडचणीची शिल्लक दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे आणि वैयक्तिक कर्जाचे दीड वर्षाचे हप्ते बाकी आहेत. किट बसवावे, तयार सायकल घ्यावी की हा विषयच सोडून द्यावा, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत असे आहे की किट बसवणे आपल्यासाठी योग्य ठरू शकते, मात्र ते या महिन्यात बसवू नये, हप्त्यांवर घेऊ नये आणि खाली सांगितलेली एक महिन्याची नोंद ठेवल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये.

हिशेब सोपा राहावा म्हणून एक महिन्याचे टॅक्सीभाडे हेच आपण पैशाचे माप धरू. किट सहा मापांचे आहे. त्यावर बसवण्याची मजुरी, जरा जाड टायर, वाढलेल्या वजनासाठी चांगले ब्रेक पॅड आणि एक भक्कम कुलूप धरले, तर आणखी एक माप लागते. म्हणजे खरा खर्च सात मापांचा. मोटर बसली की टॅक्सीचे तिन्ही दिवस सायकलीकडे येतील असे गृहीत धरण्याचा मोह होतो, परंतु पाऊस, उशीर, आजारपण आणि हातातले सामान या गोष्टी मोटरमुळे नाहीशा होत नाहीत. म्हणून तीनपैकी दोनच दिवस वाचतील असे धरावे. त्यामुळे दरमहा दोन तृतीयांश माप वाचते. त्यातून बॅटरीच्या बदलीसाठी काही रक्कम बाजूला काढावी लागेल. किटच्या किमतीतला साधारण निम्मा भाग, म्हणजे तीन मापे, बॅटरीचा आहे असे समजून तो चार वर्षांवर विभागला, तर दरमहा एका मापाचा सोळावा भाग होतो. निव्वळ बचत उरते सुमारे 0.6 माप, आणि सात मापे भरून निघायला बारा महिन्यांच्या आसपास लागतात.

हाच हिशेब टॅक्सीचा केवळ एकच दिवस वाचला असे धरून केला, तर वसुलीचा काळ सव्वीस महिन्यांवर जातो. विजेचा दर, मोटरची कंपनी, किटवर मिळणारी सवलत यांपैकी कोणतीही गोष्ट या निर्णयावर इतका परिणाम करत नाही, जितका त्या एका दिवसाच्या फरकाचा होतो. त्यामुळे आपण ते तीन दिवस सायकल का काढत नाही, हे पैसे खर्च करण्यापूर्वी नेमके कळले पाहिजे.

पत्रात आपण कारण म्हणून चढाचा उल्लेख केला आहे, परंतु त्याच पत्रात पुढे स्टेशनवरच्या तीन जिन्यांविषयीही लिहिले आहे, आणि तिथे मी थांबलो. मोटर चढाचा त्रास कमी करते, मात्र जिन्याचा वाढवते. हलक्या किटमधील हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, साधारण दीड किलोची, बॅटरी तेवढीच, आणि तारा, मोटरचे नियंत्रण करणारा कंट्रोलर व सेन्सर मिळून आणखी अर्धा किलो धरला, तर साडेअकरा किलोंची सायकल पंधरा किलोंची होते. अडचण चढाची असेल तर किट उपयोगी पडेल. अडचण उचलण्याची असेल तर किट घेऊन आपण तीच अडचण पैसे मोजून वाढवून घ्याल. याची परीक्षा बिनखर्चात होते. साडेतीन लिटर पाण्याच्या बाटल्या सायकलीला घट्ट बांधून एक आठवडाभर ते जिने चढून पाहावेत. सोबत महिनाभर रोज एका ओळीची नोंद ठेवावी: आज सायकल काढली का, आणि नसल्यास कशामुळे. महिनाअखेरीस 'चढ' हे कारण निम्म्याहून अधिक वेळा आले, तरच पुढचा विचार करावा. बॅटरी चटकन काढून पाठीवरच्या पिशवीत टाकता येईल असे किट निवडल्यास हातातले वजन दीड किलोने उतरते, हेही या परीक्षेत करून पाहण्यासारखे आहे.

आता खुद्द किटविषयी, कारण चुकीची निवड हा इथला सर्वांत मोठा आर्थिक तोटा ठरतो. लहान चाक ताशी तितकेच किलोमीटर जाण्यासाठी अधिक फेऱ्या घेते. 20 इंची चाकाचा परीघ सुमारे दीड मीटर असतो, त्यामुळे ताशी 25 किलोमीटरला ते मिनिटाला 278 फेऱ्या घेते. मोठ्या चाकाच्या सायकलीत, म्हणजे सुमारे 2.1 मीटर परिघाला, हाच आकडा 198 असतो. मोठ्या चाकासाठी बनवलेली 200 फेऱ्यांची मोटर आपल्या चाकात बसवली, तर ती ताशी 18 किलोमीटरच्या आसपास दम टाकेल, आणि ती 'कमजोर' आहे असा समज होऊन आपण दुसरी मोटर शोधू लागाल. योग्य फेऱ्यांची मोटर असली तर मात्र लहान चाक चढावर फायद्याचे असते, कारण तेवढ्याच पीळबलातून रस्त्यावर अधिक जोर मिळतो. दुसरे असे की अनेक घडीच्या सायकलींच्या पुढच्या चिमट्यातील, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधील, आतले अंतर 74 मिलिमीटर असते, तर सर्वसाधारण सायकलीत ते 100 मिलिमीटर असते. मागणी नोंदवण्यापूर्वी हे अंतर स्वतः मोजावे. चिमटा अॅल्युमिनियमचा असेल तर पुढच्या चाकात मोटर बसवण्याआधी जाणत्या कारागिराचा होकार घ्यावा, आणि चिमटा पोलादी असला तरी मोटरची आस फिरून खाचेतून बाहेर येऊ नये म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे आस जागेवर धरून ठेवणारी धातूची पट्टी, लावून घ्यावा. हा भाग टाळून वाचणारी रक्कम इतकी किरकोळ असते की तिचा उल्लेख हिशेबात करण्याचीही गरज नाही.

बॅटरीच्या बाबतीत विक्रेते नेहमी मोठ्या आकाराचा आग्रह धरतात. हलक्या साहाय्याला दर किलोमीटरला 8 वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे विजेचे एक युनिट) धरले, तर आपल्या रोजच्या बारा किलोमीटरला जेमतेम 100 वॉट-तास लागतात. 250 वॉट-तासांची बॅटरी जुनी होऊन 80 टक्क्यांवर आली तरी रोजच्या गरजेच्या दुप्पट क्षमता शिल्लक राहते. 500 वॉट-तासांच्या बॅटरीत आपण न वापरलेल्या क्षमतेचे पैसे भरता, तिचे किलोभर जादा वजन जिन्यावरून वाहता, आणि ती क्षमता पडून राहिली तरी वयाबरोबर झिजतच असते. आठवड्याला चार दिवस सायकल चालवल्यास वर्षाला अडीचशे वॉट-तासांच्या बॅटरीची सुमारे सत्तर पूर्ण आवर्तने होतील, म्हणजे ती तितक्या वेळा पूर्ण भरून वापरली जाईल. चांगली लिथियम बॅटरी साधारण 500 आवर्तने, म्हणजे या वापराने सुमारे सात वर्षे टिकते; म्हणून ती वापराने संपण्यापूर्वी वयाने थकण्याची शक्यता अधिक. मी सात ऐवजी चार वर्षे धरली ती याच कारणाने. विजेचा खर्च वर्षाला वीस युनिटांच्या आसपास येतो, तो विसरून जावा. विमानाने ही सायकल नेण्याचा विचार असेल तर मात्र तो आताच सोडावा: प्रवासी विमानात 100 ते 160 वॉट-तासांच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते आणि त्यावरची बॅटरी सामान्यतः नेऊच देत नाहीत.

काटकसर कुठे करू नये असे विचारलेत तर मी बॅटरीचेच नाव घेईन. अनोळखी बनावटीची, संरक्षक सर्किट नसलेली बॅटरी किंवा भलत्याच चार्जरवर लावलेली चांगली बॅटरी घरात आग लावू शकते, आणि त्या तोट्याला माझ्या मापात आकडा नाही. आपल्या घरविम्यात अशा बॅटरीविषयी काही अट आहे का, हे विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे. मोटरची शक्ती आणि वेग यांची कायदेशीर मर्यादाही तपासावी. उदाहरणार्थ, युरोपीय संघात 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंत पेडलसोबत साहाय्य करणारी सायकल ही सायकलच मानली जाते, त्यापलीकडे ती मोटारवाहनाच्या नियमांत जाते आणि नोंदणी व विम्याचा खर्च मागे लागू शकतो.

'बिनव्याजी' हप्त्यांविषयी थोडे रोखठोक लिहितो. रोखीने घेतल्यास विक्रेता पाच टक्के सूट देतो, असे आपणच लिहिले आहे. म्हणजे किटची खरी किंमत 95 आहे आणि बारा मासिक हप्त्यांत आपण 100 भरता. दर हप्त्यागणिक बाकी कमी होत जात असल्याने या पाच टक्क्यांचा वार्षिक व्याजदर पाच नसून साडेनऊ टक्क्यांच्या जवळ जातो, आणि प्रक्रिया शुल्क असेल तर त्याहूनही वर. शिवाय किट दुसऱ्याच महिन्यात कोपऱ्यात पडले तरी हप्ता चालूच राहतो.

मग ही रक्कम वैयक्तिक कर्जात भरणे बरे नाही का, हा आपला उपप्रश्न रास्त आहे. केवळ आकड्यांवर पाहिले तर बारा महिन्यांत स्वतःची किंमत भरून काढणारी वस्तू बहुतेक कोणत्याही कर्जाच्या व्याजापेक्षा सरस ठरते. फरक खात्रीचा आहे. कर्ज फेडल्याचा परतावा पावसातही मिळतो. सायकलीचा परतावा आपण सायकल चालवली तरच मिळतो. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी अडीअडचणीची शिल्लक तीन महिन्यांच्या घरखर्चापर्यंत न्यावी, तोवर नोंदवही पूर्ण होईल, आणि नोंदीचा कौल अनुकूल असेल तर किट रोखीने घ्यावे. किट घेतल्यावर वाचणारे भाडे आपोआप वाचत नाही, ते इतर खर्चात विरघळते. त्यासाठी पगाराच्या दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश माप वेगळ्या खात्यात वळते करण्याची सूचना बँकेला द्यावी. त्यातला एका मापाचा सोळावा भाग बॅटरीचा, उरलेला कर्जाच्या मुद्दलाचा.

तयार विद्युत सायकलीची वसुली याच गतीने तेहतीस महिन्यांवर जाते. तिची बांधणी एकसंध असते, हमी एकाच कंपनीची असते आणि जुनी सायकल विकून थोडी रक्कमही हाती येते, हे खरे आहे. तरी ज्या सवयीची अजून परीक्षा झालेली नाही तिच्यावर वीस मापे लावणे मला पटत नाही. किट बसवल्याने आपल्या सायकलीच्या सांगाड्यावरची हमी संपण्याची शक्यता आहे. ती अजून शिल्लक असेल तर तेवढे कागदपत्र आधी वाचावे.

पुढच्या चाकाचे किट घेतल्यास जुने चाक मात्र विकू नये किंवा कारागिराकडे सोडून येऊ नये. पुढे बेत बदलला तर ते चाक पुन्हा लावून सायकल मूळ रूपात आणता येते आणि किट वेगळे विकता येते. मोटर बसवलेल्या जुन्या सायकलीला गिऱ्हाईक मिळणे त्यापेक्षा बरेच अवघड असते.