घड देठाला धरायचा

"मॅडम, मी स्वच्छतेत कुठं कमी पडले का हो?" एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या व्हायरसचा) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की हाच प्रश्न, मग बाई सिडकोतली असो नाहीतर गंगापूर रोडची. इतक्यांदा ऐकलाय की शेवटी लिहायला बसले.

ही पिंपळगावकडची ताई (ओळख पटेल असं सगळं बदललंय), द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला. रिपोर्ट चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात, नवऱ्याला पत्ता नाही. दोन भेटी नुसतं रडणं. तिसऱ्यांदा हळूच म्हणाली, रिपोर्ट आल्यापासून दिवसातून तीनदा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुते, आग होते तरी.

तोवर मी माहिती दिलीच नव्हती. अपराधी वाटत असताना माहिती डोक्यात शिरत नाही हे माझं जुनं मत, कुणी हसलं तरी चालेल. मग सांगितलं, योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, दह्यातल्यांचे भाऊबंद, ते लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करून पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.५ च्या खाली ठेवतात. धुण्याने ते कमी झाले की भलते जंतू माजतात, अस्तर सुजतं, आणि एचपीव्ही शिरलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या टी-पेशींचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचं, काम अवघड होतं, मग व्हायरस रेंगाळायची शक्यता वाढते.

ताई गप्प. मग हवेतच चिमूट धरली, जणू घड लटकतोय. "आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात, घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, वरची पांढरी झाक पुसली की माल रिजेक्ट. म्हणजे मी रोज झाकच पुसत होते की!"

इतकी वर्षं समुपदेशन करतेय पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. आता सगळ्यांना तेच सांगते.

तर आतून धुणं बंद, दही लावायचे घरगुती प्रयोगही नकोत. एचपीव्ही घाणीने होत नाही, शरीरसंबंधातून येतो, पण आज सापडला म्हणजे आजच आला असं नाही, त्यावरून नवऱ्याची उलटतपासणी नको. बहुतेकींची प्रतिकारशक्ती दोनेक वर्षांत त्याला हुसकावते. टिकून राहिला तरी कॅन्सरपर्यंत जायला सहसा १५-२० वर्षं लागतात (एचआयव्ही असेल तर कमी), म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवायची नाही. आपल्याच उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवला, १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ ला छापून आला, एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते!

पाचव्या भेटीला ताईचा नवरा सोबत आला. रिपोर्ट त्याच्या शर्टाच्या खिशात होता.