तुझं पत्र परत पाठवतोय

बाळा,

तुझं नऊ पानी पत्र मिळालं. दोनदा वाचलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, 'काका, हे बाबांना तुम्हीच द्या, तुमचा शब्द ते मोडत नाहीत.' देणार नाही. याच पाकिटातून परत पाठवतोय. राग येईल तुला, येऊ दे.

तुझे वडील घालूनपाडून बोलतात, चारचौघांत तुझा पाणउतारा करतात. ते चुकतात, यावर आपला वाद नाहीच. वाद एवढाच, की हे त्यांना सांगायचं कोणी? तूच. निरोप नको. मध्ये माणूस नको.

एवढ्या हट्टाने का सांगतोय ते ऐक. मी एकोणीस वर्षांचा होतो. वडिलांनी ठरवलेलं शिक्षण मी अर्ध्यावर सोडलं. ते म्हणाले, 'आजपासून माझ्याशी बोलायचं नाही.' मी बोललो नाही. सतरा वर्षं, एकाच घरात. जेवताना आमच्यात दोन हातांचं अंतर, आणि ते आईला म्हणायचे, 'त्याला विचार, अजून काही हवंय का.' मी आईला म्हणायचो, 'त्यांना सांग, पोट भरलं.' आई खाली मान घालून दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणायची. ती गेली आणि निरोप न्यायलाही कुणी उरलं नाही. मग आमची भाषाच बदलली. 'तू' नाही, 'तुम्ही' नाही. 'पाणी तापलंय.' 'दार लावून घ्यावं.' 'औषधं संपली आहेत.' कुणी कुणाला म्हटलं ते कळू नये अशी वाक्यं. दोघंही त्यात तरबेज झालो.

शेवटच्या आजारपणात एका रात्री ते नर्सला म्हणाले, 'त्याला म्हणावं, घरी जाऊन झोप.' मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. आणि मीही नर्सलाच म्हणालो, 'त्यांना सांगा, मी इथेच बरा आहे.' ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. पहाटे ते गेले.

लोक म्हणतात, तू लहान, तूच आधी बोलायला हवं होतंस. मला ते आजही पटत नाही. बंदी त्यांनी घातली, मी पाळली. उठवायची तर त्यांनीच उठवायला हवी होती. वयाने, अधिकाराने तेच मोठे होते. यात माझं काय चुकलं ते कुणी मला दाखवून द्यावं. पण मी बरोबर होतो, याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

तुझी पानं वाचताना लेखक फ्रान्झ काफ्का आठवला. 1919 साली, वयाच्या 36व्या वर्षी, त्याने वडिलांना शंभरावर पानांचं पत्र लिहिलं. लहानपणी एका रात्री पाण्यासाठी रडत होता, तर वडिलांनी उचलून बाहेरच्या गॅलरीत नेलं आणि दार लावून घेतलं, तेही त्यात आहे. ते पत्र त्याने दिलं कुणाकडे? आईकडे, वडिलांना दे म्हणून. तिने ते न देता त्यालाच परत केलं, असं त्याचा मित्र मॅक्स ब्रॉड सांगतो. काफ्का 1924 मध्ये गेला, वडील 1931पर्यंत होते. पुढे ते पत्र जगाने वाचलं. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांच्या हाती काही पडलं नाही.

महात्मा गांधींचा थोरला मुलगा हरिलाल, त्याचा दाखला तूच दिलास. नीट बघ तो. बॅरिस्टर व्हायची त्याची इच्छा वडिलांनी मान्य केली नाही. 1911 मध्ये तो घर सोडून गेला. 1915 मध्ये आपली कैफियत छापून त्याने ओळखीच्यांत वाटली. 1936 मध्ये त्याने धर्म बदलला, तेव्हा गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकातून लिहिलं. खासगी पत्रं होती, भेटी होत्या, पण घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं ते आलंच. एकदा कटनी स्टेशनवर तो आई-वडिलांच्या डब्यापाशी आला. संत्रं आणलं होतं, फक्त बांसाठी, म्हणजे आई कस्तुरबांसाठी. वडिलांना काय म्हणाला? तुमचं मोठेपण बांमुळे आहे. वडिलांवरचा सगळा राग त्याने आईच्या हातात ठेवला, आणि गाडी सुटली. गांधीजी 30 जानेवारी 1948 रोजी गेले, हरिलाल त्याच वर्षी 18 जूनला.

म्हणून म्हणतो, निरोप नको.

'ते ऐकणार नाहीत,' हे तू चार वेळा लिहिलंस. नाहीत ऐकणार! ते ऐकतील असं मी कुठे म्हटलं? ऐकणं त्यांच्याकडे, बोलणं तुझ्याकडे. तुझ्या वाट्याचं कर. ते हात उगारत असतील, तर मात्र आधी घराबाहेर पड, सुरक्षित जागी जा, मग फोन कर. तोही त्यांनाच. ताईला मध्ये घालून नाही. तुझ्या पत्रात 'आईला म्हटलं', 'ताईने सांगितलं' असं अकरा वेळा आलंय, मी मोजलं. तुम्हा दोघांचं थेट बोलणं नऊ पानांत एकदाच: ते म्हणाले 'दिवा बंद कर', तू म्हणालास 'हो'.

आणि ही नऊ पानं त्यांना वाचून दाखवू नकोस. वकिलासारखा उभा राहशील आणि तेही वकिलासारखे उलटतील. पाचव्या पानावर एक प्रसंग आहे. तू बक्षीस घेऊन घरी आलास आणि त्यांनी वर न बघता म्हटलं, 'चपला जागेवर ठेव.' तेवढाच सांग. 'बाबा, त्या दिवशी मला फार लागलं.' बाकी काही नको. पण 'बाबा' म्हणायला विसरू नकोस, हाक मारूनच सुरुवात कर. मला ती सतरा वर्षांत एकदाही मारता आली नाही.

पाचवं पान सगळ्यांत वर ठेवलंय.

तुझा,
काका