बीएमडब्ल्यू २००२ घेताना कार्ब्युरेटरवाली घ्यावी की मेकॅनिकल इंजेक्शनची टीआयआय?

तुम्ही लिहिलंय की म्युनिकला राहता, सुट्टीच्या दिवशी चालवायला जुनी २००२ (हे मॉडेलचं नाव, साल नव्हे) घ्यायचीय आणि जो तो टीआयआयच्या इंजेक्शनची भीती घालतोय. माझं मत विचाराल तर पेट्रोल सोडणारा इंजेक्शनचा पंप धड असेल आणि इंजिनात पुढे काही बदलायचं नसेल तर बिनधास्त टीआयआय घ्या.

साध्या २००२ ला एक सोलेक्स कार्ब्युरेटर, १०० हॉर्सपॉवर. टीआय या वरच्या मॉडेलला दोन सोलेक्स, १२०. १९७१ मध्ये टीआयआय आली, कुगेलफिशर कंपनीचा मेकॅनिकल इंजेक्शन पंप, १३०. पण १० हॉर्सपॉवरसाठी कोणी टीआयआय घेत नाही हो, मजा पेडलमध्ये आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल खेचते ती हवा, त्यामुळे कमी आरपीएमला एकदम पाय दाबला की हवा लगेच आत जाते आणि पेट्रोल मागे पडतं, म्हणून तर त्यात अ‍ॅक्सिलरेटर पंपाची पिचकारी द्यावी लागते. टीआयआयचा पंप क्रँकवरून बेल्टने फिरतो, दर सिलेंडरला एक प्लंजर (पेट्रोल ढकलणारा दट्ट्या), आणि किती पेट्रोल सोडायचं ते आतला एक शंकूसारखा कॅम ठरवतो, पेडल किती दाबलंय आणि इंजिन किती फिरतंय त्याप्रमाणे. पाय दाबला की गाडी निघालीच.

पण तो कॅम कोरलाय त्याच इंजिनासाठी. हवा किती गेली हे पंपाला कळतच नाही, त्यामुळे इंजिनाचा (व्हॉल्व्ह उघडणारा) कॅमशाफ्ट बदललात तर मिक्श्चर बिघडणार आणि कार्ब्युरेटरसारखे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) बदलून काम भागत नाही. मॉडिफाय करायची हौस असेल तर टीआय किंवा साधी घ्या, खरंच.

भीतीचं म्हणाल तर ती बरीचशी ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या इंजेक्शनमुळे पसरली असं मला वाटतं. ते इंजेक्शन असलेल्या ट्रायम्फ टीआर५ या ब्रिटिश गाडीत वायपरच्या मोटरवरून बनवलेला इलेक्ट्रिक पंप जवळपास १०० पीएसआय दाब द्यायचा, उन्हात तापायचा आणि गाडी बंद. पुढे बऱ्याच लोकांनी बॉशचा पंप टाकला आणि सुटले. कुगेलफिशर ती भानगड नाही. त्याचं वाटोळं करतात ते स्क्रू फिरवणारे! आधी पॉइंट्सचा गॅप, टायमिंग, टॅपेट, फ्युएल फिल्टर बघायचं, मग लिंकेज (थ्रॉटल आणि पंप जोडणारे रॉड), आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी. चांगला पंप काढून वेबर कार्ब्युरेटर बसवलेल्या टीआयआय बघितल्या की जीव तुटतो अक्षरशः.

बघायला जाल तेव्हा इंजिन बंद असताना थ्रॉटल आणि पंपामधला रॉड बोटांनी हलवून बघा, सांध्यात प्ले असेल तर मिक्श्चर कधीच नीट बसणार नाही, पण ते काम स्वस्त आहे, त्यावर भाव पाडा. पेट्रोल तसंच ठेवून गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर प्लंजर गंजलेले असू शकतात, ते काम मात्र महाग. आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका, कारण थंड असताना जास्तीचं पेट्रोल देणारी यंत्रणा वेगळी असते, ती गाडी तापल्यावर बंद होतेय का हे तुमच्यासमोरच दिसायला हवं.