आजीबद्दल लिहायचंय, पण 'कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल' यापुढे काही सुचत नाही. काय लिहावं?

ते तिन्ही शब्द आधी खोडा. आमच्या आजीच्या दशक्रियेच्या पत्रिकेवर हेच तीन होते. नाव बदललं असतं तर ती पत्रिका गावातल्या कुठल्याही म्हातारीला चालली असती.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, उन्हाळ कांद्याचं. 'तात्यांचं उळं', म्हणजे कांद्याचं बी, न्यायला लांबून लोक यायचे. तात्या म्हणजे आजोबा. पण तात्यांनी जन्मात कधी डोंगळ्याला, म्हणजे बियासाठी लावलेल्या कांद्याला, हात लावला नाही. ते बी आजीचं होतं.

कांदा साठवायच्या चाळीतला जो कांदा दिवाळीपर्यंत सडला नाही, ज्याला कोंब फुटला नाही, त्यातलाच ती बियाण्याला धरायची. बारीक मानेचा, गच्च, एका डोळ्याचा. दोन डोळ्यांचा, म्हणजे जोडकांदा, निघाला की भाजीत. निवडलेला कांदा लावायचा मळ्याच्या पार टोकाला, इतरांच्या डोंगळ्यांपासून लांब, कारण मधमाश्या तिकडचा पराग इकडे आणतात. फुलोऱ्यात ती फवारणी करू द्यायची नाही. माश्या मेल्या तर बी कुठून भरणार? त्यावरून तात्यांशी तिचं कडाक्याचं वाजलेलं मला आठवतं. बियांचे गोंडे पहाटे दवात काढायचे, उन्हात बी गळतं. उळे टाकायच्या आधी ती ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळायची आणि मोड मोजायला मला बसवायची. मी दुसरीत असेन. ऐंशीच्या खाली आले तर ते बी ती सख्ख्या भावालाही द्यायची नाही.

त्या बियाच्या पैशावर आत्या नाशकात राहून नर्सिंग शिकली. कुटुंबवत्सल म्हणायचंच असेल तर हे लिहा ना! आणि १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, तेव्हा तात्यांचा नकार असताना ती बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली. हेही पत्रिकेत नव्हतं.

रामकुंडावर दशक्रियेला भाषणं झाली. जो तो म्हणे, 'तात्यांच्या मागं सावलीसारखी उभी राहिली.' मी काकांना म्हटलं, आप्पा, बियाचं सांगा. ते म्हणाले, "घरचं काम सगळ्याच बायका करतात, त्यात काय सांगायचं?"

नऊ वर्षं झाली, ते वाक्य अजून सलतंय. आप्पा, पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रात एन-२-४-१ हा कांद्याचा वाण अशाच निवडीतून तयार झाला. तिथं त्याला संशोधन म्हणतात, आपल्या ओसरीवर घरचं काम!

तर तुम्ही आजीच्या लेकांना विचारू नका. सुनांना, लेकींना, तिच्या बरोबरीनं निंदायला जाणाऱ्या बायकांना विचारा. तिच्या हाताला काय कळायचं, ती कुणाशी आणि कशावरून भांडली, पैसे कुठे लपवायची. अर्थात घर दुःखात असताना पत्रिकेवरून भांडू नका, मी भांडलो ते चुकलंच. शेवटचे चार महिने आप्पांनीच तिचं अंथरुणातलं सगळं केलं, हेही खरं.

ती ऑक्टोबरात गेली, ऐन उळे टाकायच्या वेळी. त्या धांदलीत तिचं शेवटचं बी डब्यातच राहिलं. कांद्याचं बी वर्षभरच तग धरतं. पुढच्या दिवाळीआधी मी फडक्यात शंभर दाणे गुंडाळले. अकरा मोड आले.