वाचकांचे प्रश्न : सुक्या भाज्यांची आयात, परवाना आणि विक्री

प्रश्न : हॉटेलांना पुरवण्यासाठी तुर्कस्तानातून सुकवलेले टोमॅटो आणि चीनमधून सुके शिटाके मशरूम मागवायचे आहेत. आयईसी (आयात-निर्यातदाराचा सरकारी नोंदणी क्रमांक) काढला आहे. कस्टम्स एजंट म्हणतो, बाकीचं माल न्हावा शेवाला लागल्यावर बघू. चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. माल बंदरात आल्यावर दुरुस्त करता येण्याजोग्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या असतात. बाकी सगळं माल तिकडून निघण्याआधीच ठरलेलं हवं.

आयईसीसोबत एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, आयातदार म्हणून केंद्रीय परवाना लागतो, आणि त्यात सुक्या भाज्या व मशरूम यांचा खाद्यवर्ग नोंदलेला हवा. परवाना आहे पण वर्ग नाही, एवढ्या कारणावरून माल सोडवण्याचा अर्ज अडतो. माल रोपजन्य असल्याने निर्यातदार देशाच्या वनस्पती आरोग्य विभागाचं फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं का, हे आपल्याकडच्या प्लांट क्वारंटाइन कार्यालयाकडे आधी विचारून घ्या. ते माल रवाना होण्यापूर्वीच मिळवायचं असतं.

एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा, पुरवठादाराच्या बिलावरून डोळे झाकून उचलू नका. नुसते सुकवलेले, कापलेले किंवा पूड केलेले टोमॅटो ०७१२ मध्ये येतात. तेच तेलात घालून बरणीत भरले की ते ‘तयार केलेले’ ठरतात आणि २००२ मध्ये जातात. शिटाकेला २०२२ पासून स्वतंत्र ०७१२ ३४ आहे; जुन्या याद्यांत तो ‘इतर’ मध्ये दिसेल. सुकी लाल मिरची ०९०४ मध्ये, डाळी-कडधान्यं ०७१३ मध्ये. नोरीसारखं समुद्री शेवाळ तर १२१२ मध्ये जातं, ते सुक्या भाज्यांत घुसवू नका.

टिकण्याच्या मुदतीबद्दल गैरसमज फार आहे. २०१७ च्या आयात नियमांनुसार क्लिअरन्सच्या वेळी (कस्टम्समधून माल सुटताना) ६० टक्के मुदत किंवा मुदत संपायला ३ महिने, यांपैकी जे कमी तेवढं शिल्लक हवं. म्हणजे २४ महिन्यांच्या मालाला ३ महिने पुरतात. हॉटेलं मात्र एवढा जुना माल घेत नाहीत, म्हणून करारात किमान १२ महिने शिल्लक असण्याची अट घाला.

प्रश्न : लसणाच्या फ्लेक्सच्या चाचणीत सल्फर डायऑक्साइड आला. पुरवठादार शपथेवर सांगतो की सल्फाइट (माल टिकवण्यासाठी वापरलं जाणारं गंधकाचं रसायन) वापरलंच नाही. कोण खरं?
– एक व्यापारी, ठाणे

उत्तर : दोघंही खरे असू शकतात. लसूण आणि कांद्यात गंधकाची संयुगं मुळातच असतात. मोनियर-विल्यम्स या सल्फाइट मोजण्याच्या पद्धतीत नमुना आम्लात उकळला की ती फुटतात आणि सल्फाइट नसतानाही आकडा दिसतो. प्रयोगशाळेला आधी पद्धत विचारा, आणि लसूण-कांद्यासाठी बेतलेल्या एलसी-एमएस/एमएस या रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या पद्धतीने चाचणी करून घ्या. नमुना घेताना त्याचे दोन भाग होतात. निकालाविरुद्ध अपील केलंत तर राखीव भाग फेरतपासणीसाठी रेफरल प्रयोगशाळेत जातो. तेव्हा हाच मुद्दा लेखी मांडा. खरोखर सल्फाइट वापरलं असेल आणि ते किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, तर लेबलवर ॲलर्जीकारक घटक म्हणून लिहावंच लागतं. दम्याच्या काही रुग्णांना त्याने अटॅक येतो, म्हणून ही ओळ गाळू नका.

लसणापेक्षाही कीटकनाशकांकडे लक्ष द्या. नऊ किलो ताज्या भाजीचा एक किलो सुका माल झाला, तर ताज्यात किलोला ०.००८ मिलिग्रॅम असलेला अंश सुक्यात ०.०७ च्या आसपास जाऊ शकतो. ज्या औषधाची भारतात मर्यादा ठरलेली नाही, त्याला ०.०१ लागू होते. म्हणून पुरवठादाराकडून ताज्या भाजीचा अहवाल घेऊन भागत नाही. त्याच बॅचच्या सुक्या मालाचा घ्या. मशरूममध्ये कॅडमियमही तपासा, कारण बुरशी ते मातीतून शोषून साठवते.

प्रश्न : सुक्या मालात जंतू कुठले? सॅल्मोनेलाची चाचणी खरंच हवी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हवीच. सुकवल्याने जंतू वाढत नाहीत, पण मरतातच असं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत रेस्टॉरंटमधल्या सुक्या वुड-इअर मशरूममुळे सॅल्मोनेलाची साथ पसरली होती. पाण्यात भिजवलेला माल तासन्‌तास बाहेर ठेवला की जंतूंना पुन्हा पाणी मिळतं. हॉटेलच्या स्वयंपाकघराला सांगा : उकळतं पाणी वापरा, किंवा फ्रिजमध्ये भिजवा.

प्रश्न : जुलैत आलेल्या कांद्याच्या पुडीच्या गुठळ्या झाल्या. कंटेनर तर कोरडा होता.
– एक वाचक, वाशी

उत्तर : कंटेनरच्या आतच पाणी सुटलं असावं. उष्ण हवेत भरलेला कंटेनर समुद्रावर थंड झाला की छपरावर दव जमतं आणि पोत्यांवर ठिबकतं. आतली पॉलिथिन पिशवी उष्णतेने सील केलेली हवी, छपराखाली कागदी अस्तर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या हव्यात. पॅलेटचं लाकूड ओलं असेल तर तेही ओलावा सोडतं. दुसरी शक्यता इथली आहे. पावसाळ्यात पनवेल-उरणच्या गोदामात नमुन्यासाठी पिशवी उघडली आणि नुसती दोरी बांधून ठेवली, तर पूड झपाट्याने ओल धरते. नमुना काढल्या काढल्या तिथेच सील करून घ्या.

शिटाकेच्या ओलाव्याचं प्रमाण पुरवठा करारातच लिहा : कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार वाळवलेल्या शिटाकेला १३ टक्के, इतर सुक्या मशरूमना १२ आणि फ्रीझ-ड्राइड (गोठवून सुकवलेल्या) मशरूमना ६ ही कमाल मर्यादा आहे.

प्रश्न : लेबलवर चूक राहिली तर इथे स्टिकर लावता येतो का?

उत्तर : काही बाबींसाठीच, आणि तेही कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात : आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय लोगो व परवाना क्रमांक, शाकाहारी चिन्ह. स्टिकर निघणारा नको आणि मूळ मजकूर झाकणारा नको. बॅच क्रमांक, तारखा किंवा घटकांची यादी नसेल तर स्टिकर उपयोगी नाही. मोठ्या पोत्यांवर ‘नॉन-रिटेल’ असं छापलेलं हवं. तीच पोती फोडून १०० ग्रॅमच्या पाकिटांत भरणार असाल, तर रिपॅकिंगचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, मूळ देश आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता लागतो. मूळ बॅच क्रमांक आणि संपण्याची तारीख मात्र बदलू नका. पॅकिंगच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होत नाही.